दारूची किंमत व मनुष्याचा जीव

मद्यपी मनुष्यास केवळ बोध करून भागत नाही. दारूची स्वस्ताईही मोडावी लागते. स्कॉटलंडात १ मे २०१८ पासून १० मिलिलिटर शुद्ध मद्यार्कास ५० पेन्सांहून कमी किंमत घेण्यास कायद्याने मनाई झाली; २०२४ साली हा दर ६५ पेन्स करण्यात आला. निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू, कायदा नसता तर जितके झाले असते त्यांहून सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत आढळले. परंतु व्यसन पक्के जडलेल्यांपैकी काहींनी पोटाचे अन्न कमी करून दारू घेतली. यास्तव कायद्यास औषधोपचाराची जोड पाहिजे. अशा मनुष्याची दारू एकाएकी तुटल्यास झटके येऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून त्यास दूषण न देता आधी दवाखान्यात न्यावे.