पाच सेकंदांच्या जॉबचं एका मिनिटाचं बिल

व्हर्जन नंबर, सर्व्हरचं नाव, बिल्डची तारीख ही माहिती पाइपलाइनमधल्या सगळ्याच जॉबना लागते. म्हणून गिटहब ॲक्शन्सवर पुष्कळ टीम सुरुवातीलाच ‘सेटअप’ नावाचा वेगळा जॉब टाकतात. दिसायला नीटनेटकं, पण रिपॉझिटरी खासगी असेल तर मिनिटं इथेच गळतात. (सार्वजनिक रिपॉझिटरीला साधे रनर फुकट आहेत, त्यांनी पुढचा हिशेब सोडून द्यावा.)

प्रत्येक जॉबचा वेळ पुढच्या पूर्ण मिनिटापर्यंत वाढवून मोजला जातो. चार व्हेरिएबल भरून पाच सेकंदांत मोकळा झालेला जॉबही अख्खं मिनिट खातो. दिवसाला २० पुश, महिन्याला २२ दिवस धरले तर ४४० मिनिटं झाली. फ्री प्लॅनमध्ये महिन्याला मिळतात २०००. तोच जॉब विंडोजवर ठेवला तर? कोट्यातून विंडोजचं एक मिनिट दोन म्हणून आणि मॅकचं दहा म्हणून वजा करण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. आजचा दर बिलिंगच्या पानावर बघून घ्या. शिवाय बाकीचे जॉब तोवर ताटकळतात, ते वेगळंच.

न बदलणारी किंमत वर्कफ्लो फाइलच्या माथ्यावर ‘एन्व्ह’मध्ये लिहा. अनेक वर्कफ्लोंना लागत असेल तर रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये. खर्च शून्य. कमिटचा हॅश आणि रन नंबर प्रत्येक जॉबला आपोआप मिळतातच, त्यांवरून व्हर्जन बनवा. तारीख मात्र प्रत्येक जॉबमध्ये नव्याने काढू नका: एक जॉब मध्यरात्रीआधी सुरू झाला आणि दुसरा नंतर, तर एकाच बिल्डला दोन तारखा लागतील. कमिटची तारीख घेतली की हा घोळ उरत नाही.

एवढं करूनही सगळीकडे तंतोतंत सारखीच हवी अशी किंमत चालू रनमध्येच काढावी लागत असेल, तर सेटअप जॉबचं मिनिट खुशाल मोजा. तो लिनक्सवर ठेवा. फक्त त्यातून पासवर्ड पुढे पाठवू नका. आउटपुटमध्ये सीक्रेट असल्याचा संशय आला की गिटहब ते गाळतं, पुढच्या जॉबला रिकामी ओळ मिळते आणि तो फसला तरी त्याची मिनिटं लागतातच. सीक्रेट ज्या जॉबला हवं, त्यातच थेट वाचा. त्याला वेगळे पैसे नाहीत.