मुलुंडचा ट्रक लेहला, डीईएफ गोठले तर?

प्रश्न : मुलुंडहून आमचे बीएस-६ ट्रक थंडीत लेहकडे माल नेतात. रात्री इंजिन बंद केल्यावर डीईएफ गोठून पंप फुटेल का?

उत्तर : मुंबईत हा प्रश्न पडण्याचे कारण नाही. सांताक्रूझचे नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही जानेवारी १९६२ मधले. डीईएफ गोठते उणे ११ अंशांना. लडाखमध्ये मात्र हिवाळ्यात पारा त्याखाली सहज उतरतो.

डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि उरलेले शुद्ध पाणी. गोठताना ते सुमारे सात टक्के फुगते. म्हणून टाकी काठोकाठ भरू नये. नळ्या, पंप आणि इंजेक्टर यांना मात्र फुगायला जागाच नसते. त्यामुळे बहुतेक गाड्यांत चावी बंद केल्यावरही पंप थोडा वेळ चालू राहून नळ्यांतला द्रव टाकीत परत ओढतो. नेमके याच वेळी घाईने बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला जातो, आणि द्रव नळ्यांतच अडकतो. खरे नुकसान इथे होते. चालकांना हे बजावून सांगायलाच हवे. किती थांबायचे, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

टाकीतले डीईएफ गोठले तरी घाबरू नये. इंजिन सुरू होते आणि त्याच्या गरम कूलंटने टाकीतले डीईएफ वितळते. गोठून वितळल्याने डीईएफचा दर्जा घटत नाही. त्यात अँटीफ्रीझ, रॉकेल किंवा गरम पाणी कधीही घालू नये. त्याने डीईएफ वापरून धूर शुद्ध करणारी एससीआर यंत्रणा निकामी होऊ शकते.