इलेक्ट्रिक गाडीला ट्रॉली जोडण्याआधी विम्याची पॉलिसी वाचा

प्रश्न : पावसजवळ माझी हापूसची बाग आहे. गेल्या वर्षी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली. हंगामात पेट्या कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडे पोचवायला दर खेपेला पिकअप भाड्याने घ्यावा लागतो आणि नफ्यातला बराच भाग तिथेच जातो. आमच्याकडचा एक फॅब्रिकेटर गाडीला मागून हूक बसवून द्यायला आणि दोन चाकांची छोटी ट्रॉली बनवून द्यायला तयार आहे. "कागदपत्रं काही लागत नाहीत, हूक बंपरखाली लपतो," असं तो म्हणतो. गाडीत ताकद भरपूर आहे, त्याची चिंता नाही. पण हे कायद्यात बसतं का? विम्याला पुढे अडचण येईल का?
— एक बागायतदार, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : फॅब्रिकेटर सांगतो त्या पद्धतीने हे काम करू नका. पोलिसांच्या दंडाची भीती घालण्यासाठी मी हे म्हणत नाही. यात तुमची बाग आणि घर पणाला लागू शकतं, म्हणून म्हणतो.

विम्यापासूनच सुरुवात करू. खासगी गाडीची पॉलिसी काढा आणि त्यात 'लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज' हा परिच्छेद शोधा. कंपनी कोणतीही असो, मजकूर जवळपास सारखाच असतो. भाड्याने वापर, शर्यती आणि मालाची वाहतूक यांसाठी संरक्षण नाही. अपवाद फक्त नमुन्यांचा आणि स्वतःच्या सामानाचा. बहिणीकडे दोन पेट्या नेल्या तर ते तुमचं सामान. व्यापाऱ्याकडे विक्रीसाठी चाळीस पेट्या नेल्या तर तो माल. ट्रॉली जोडलेली असताना गाडी दरीच्या कठड्यावर आदळली, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम याच ओळीवर बोट ठेवून नाकारला जाईल. पेट्या ट्रॉलीऐवजी डिकीत असल्या तरी हीच अडचण येते, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

गाडीचं नुकसान एकवेळ सोसता येईल. मोठा धोका समोरच्या माणसाचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २ मधल्या व्याख्येनुसार ट्रेलर हेसुद्धा 'मोटार वाहन'च आहे. म्हणून त्याची नोंदणी लागते आणि त्याला तृतीय पक्ष विम्याचं संरक्षणही लागतं. ट्रॉली निसटून दुचाकीस्वारावर गेली आणि ती ना नोंदलेली, ना पॉलिसीत दाखवलेली, तर विमा कंपनी अपघात भरपाईच्या न्यायाधिकरणात सगळ्यात आधी हाच मुद्दा मांडेल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा वेगळा विमा नव्हता, या एका मुद्द्यावर वर्षानुवर्षं खटले चाललेले आहेत. कधी कंपनीची सुटका होते, कधी न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतं. दोन्ही वेळा शेवटी पैसे मालकाचेच जातात. आणि तरुण, कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई सहज लाखांत, कधी कोटीच्या घरातही जाते.

आता हुकाचा कायदा. कलम ५२ सांगतं की गाडीत असा बदल करू नये, ज्यामुळे आरसीवरचा तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे मांडला. त्याच कलमात 'बदल' म्हणजे गाडीच्या रचनेत असा फेरफार की ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं, असं स्पष्टीकरणही दिलेलं आहे. माझ्या मते, गाडीच्या उत्पादकानेच मान्य केलेला, बोल्टने बसणारा हूक या व्याख्येत येत नाही. पण मागचा क्रॉस मेंबर कापून, त्याला भोकं पाडून किंवा वेल्डिंग करून बसवलेला हूक मात्र सरळ येतो. त्यासाठी कलम १८२अ(४) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हूक बंपरखाली लपला म्हणून गुन्हा लपत नाही. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहतो.

"ताकद भरपूर आहे" हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. इलेक्ट्रिक मोटर थांबलेल्या अवस्थेतूनच पूर्ण जोर लावते, त्यामुळे गाडी काहीही ओढेल असा भास होतो. ओढणं हा प्रश्नच नाही. आंबा घाट चढून जाल, पण उतरताना काय? ब्रेक नसलेली ट्रॉली वळणावर गाडीला मागून ढकलत राहते. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इलेक्ट्रिक गाडी आपोआप मंदावते, त्यावर विसंबायची सवय लागलेली असते. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तेव्हा तो आवर कमी पडतो. शिवाय बॅटरीचा पॅक फरशीखाली असतो आणि मागची मोटर असलेल्या गाड्यांमध्ये उच्च दाबाच्या नारिंगी केबल मागच्या बाजूलाही जातात. तिथे ड्रिल चालवणं जिवावर बेतू शकतं. ट्रॉलीच्या दिव्यांसाठी वायरिंगला मध्येच जोड दिला, तर वॉरंटीचा वाद उभा राहतो. बॅटरीवर अनेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात, आणि परवानगीशिवाय केलेल्या बदलामुळे झालेला बिघाड त्या हमीत धरत नाहीत. गाडीतला सगळ्यात महाग भाग असा उघड्यावर टाकू नका. आणखी एक, मागे ट्रॉली असली की एका चार्जमधलं अंतर निम्म्यावरही येऊ शकतं.

एक गैरसमजही दूर करतो. गाडीसोबत मिळणारा, बंपरच्या झाकणामागे फिरवून बसवायचा हूक हा बंद पडलेली गाडी बाहेर काढण्यासाठी असतो. त्याला ट्रॉली लावायची नसते.

तरीही रीतसर करायचं असेल, तर वाट अशी आहे. आधी उत्पादकाला ई-मेल करून विचारा : माझ्या मॉडेलला ट्रेलर ओढायची मान्यता आहे का, ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरचं कमाल वजन किती, हुकावर उभा भार किती चालतो, आणि तुम्ही मान्य केलेला हूक कोणता? उत्तर लेखीच घ्या. शोरूममधल्या तोंडी आश्वासनाला न्यायालयात किंमत नाही. उत्तर नकारार्थी आलं किंवा आलंच नाही, तर विषय तिथेच सोडून द्या. होकार आला तर ट्रेलर मान्यताप्राप्त उत्पादकाचा घ्या, आरटीओत नोंदवा आणि कलम ६१ प्रमाणे गाडीचा क्रमांक ट्रेलरच्या मागेही लावा. मग विमा कंपनीकडे 'आयएमटी ३०' ही पुरवणी मागा. ती खासगी गाडीच्या ट्रेलरसाठीच आहे. पण तिच्यातही ट्रेलरमधल्या मालाला संरक्षण नाही, आणि मालवाहतूक वगळणारी अट तिने पुसली जात नाही. म्हणजे होडी किंवा तंबूचं सामान नेणाऱ्याला ही वाट उपयोगी. विक्रीच्या आंब्याला नाही.

तुमच्या गरजेसाठी माझा स्पष्ट सल्ला : मालवाहू म्हणून नोंदलेलंच वाहन वापरा. हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा आहे. शेजारच्या चार-पाच बागायतदारांनी मिळून पिकअप ठरवला, तर प्रत्येकाचा खर्च उतरतो. स्वतःचंच वाहन हवं असेल, तर टाटा एस ईव्हीसारखी छोटी इलेक्ट्रिक मालवाहू वाहनं बाजारात आहेत. ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू वाहनाला कलम ६६ खाली परमिट लागत नाही. लायसन्सचीही अडचण नाही : सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे की, हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेली व्यक्ती ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहनही चालवू शकते.

प्रश्न : मुलगा ब्रिटनमध्ये असतो. त्याला इलेक्ट्रिक गाडीमागे छोटा कॅरव्हॅन जोडायचा आहे. तिथेही इतकीच कटकट आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तिथे नियम स्वच्छ आहेत, म्हणून काम सोपं आहे. १६ डिसेंबर २०२१ पासून गाडीचं साधं लायसन्स असलेल्या चालकाला ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. १ ऑगस्ट १९९८ नंतर वापरात आलेल्या गाडीवर टोबार (ट्रेलर जोडायचा हूक) मान्यताप्राप्तच हवा. महत्त्वाचं म्हणजे गाडीवरच्या व्हीआयएन प्लेटवर गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन छापलेलं असतं. तो आकडाच नसेल तर त्या गाडीने ट्रेलर ओढू नये, असं सरकारी मार्गदर्शनात लिहिलेलं आहे. काही इलेक्ट्रिक गाड्यांना ही मान्यता मुळीच नाही. तेव्हा टोबारची ऑर्डर देण्याआधी मुलाने ती प्लेट वाचावी आणि विमा कंपनीला टोबार बसवत असल्याचं कळवावं. ट्रेलर मागे असताना मोटरवेवर वेगमर्यादा ताशी ६० मैल असते, आणि तीन किंवा अधिक लेनच्या मोटरवेवर सर्वांत उजवीकडची लेन वापरता येत नाही.