चौकटीतून डोकावणारी यादी

वेबपानावर एखादे बटण दाबले की मजकुराच्या वर एक लहानशी चौकट उघडते, ती तुम्ही पाहिली असेल. तिला पॉप-अप म्हणतात. समजा, २००५ साली तुम्ही असे एक पान तयार केले आहे. फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये चौकट अगदी ठीक दिसते. तेच पान इंटरनेट एक्स्प्लोरर ६ मध्ये उघडताच खालच्या अर्जातील जिल्हे निवडण्याची यादी चौकटीला जणू भोक पाडून वर येते! दोष कोठे शोधाल?

पडद्यावर आडवा क्ष-अक्ष आणि उभा य-अक्ष असतो. तिसरा अक्ष पडद्यातून आपल्या डोळ्यांकडे येतो. त्या दिशेने कोणती वस्तू वर व कोणती खाली, हे झेड-इंडेक्स नावाच्या आकड्याने ठरते. साहजिकच पहिला मोह होतो तो चौकटीचा आकडा वाढवण्याचा. १० चे ९९९९ केले, तरी यादी तेथेच! लंबकाचा गोळा जड करूनही आवर्तकाल बदलला नाही, तर आपण त्याहून जड गोळा शोधत बसतो काय? कारण दुसरीकडेच असले पाहिजे.

म्हणून आता एका वेळी एकच गोष्ट बदला. यादीच्या जागी चित्र ठेवा; चौकट ते झाकते. लिहिण्याचा रकाना ठेवा. तोही झाकला जातो. मग पानावरचे बाकी सारे काढून केवळ यादी आणि चौकट ठेवा. यादी पुन्हा वर! गुन्हेगार सापडला.

पण असे का व्हावे? चित्रे, मजकूर, रकाने हे सर्व तो ब्राउझर स्वतः एकाच कागदावर रंगवीत असे. यादी मात्र तो विंडोजकडून एक स्वतंत्र, छोटी खिडकी म्हणून मागून घेई, आणि ती त्या कागदावर ठेवली जाई. झेड-इंडेक्सचे राज्य कागदापुरतेच. वर ठेवलेल्या वस्तूला ते कसे लागू होणार?

उपाय दोन होते. चौकट उघडताना यादी लपवायची व बंद होताना पुन्हा दाखवायची (हे दुसरे काम हमखास विसरले जाई). किंवा चौकटीच्या खाली तेवढ्याच आकाराची रिकामी आयफ्रेम ठेवायची. आयफ्रेम यादीलाही झाकू शके आणि कागदावरच्या आकड्यांचा क्रमही पाळी, म्हणून ती मधला दुवा होई. २००६ च्या सातव्या आवृत्तीत यादी कागदावरच रंगवली जाऊ लागली आणि हा दोष गेला.

आजच्या ब्राउझरमध्ये एक प्रयोग करा. एचटीएमएलमधील डायलॉग ही चौकट शो-मोडल या आज्ञेने उघडा. पानावरच्या दुसऱ्या एखाद्या चौकटीला झेड-इंडेक्स ९९९९ द्या. कोण वर राहते ते पाहा, आणि का, ते आता तुम्हीच सांगा.