बसचा तोटा, विजेचं बिल

दरवाढीची जनसुनावणी पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये लागली की बहुतेक लोक युनिटचा दर ऐकायला येतात. मी पेशाने कॉस्ट अकाउंटंट, त्यामुळे माझी नजर आधी खर्चाच्या वाटणीवर जाते. एकच संस्था वीज, पाणी, गॅस, बस यांतल्या दोन-तीन सेवा देत असेल तर सगळी गोम तिथेच असते. ग्राहक चळवळीत राहून जे उमगलं, ते असं.

१. दराआधी वाटणी विचारा.
दोन सेवा देणाऱ्या कंपनीची इमारत एक, बिलिंगचं सॉफ्टवेअर एक, वरचे साहेबही तेच. हा सामाईक खर्च दोन सेवांमध्ये कोणत्या आधारावर वाटला? ग्राहकसंख्येवर, उलाढालीवर की कर्मचाऱ्यांवर? प्रत्येक आधाराने उत्तर वेगळं येतं, आणि तिन्ही उत्तरं कागदावर सभ्य दिसतात. एका सेवेचा दर नियामक आयोग ठरवतो, म्हणजे रास्त ठरलेला खर्च ग्राहकाकडून वसूल होतोच. दुसरीला बाजारात स्पर्धा असते. मग सामाईक खर्च पहिलीकडे सरकणार, हे सांगायला लबाडीचा आरोप करावा लागत नाही. माझ्यासारखा हिशेबनीस कंपनीच्या पगारावर असता, तर त्यानेही हेच सुचवलं असतं.

२. बेस्टचं उदाहरण पाठ असू द्या.
१९०५ सालच्या कंपनीपासून चालत आलेला आणि १९४७ मध्ये मुंबई महापालिकेने ताब्यात घेतलेला हा उपक्रम वीजही देतो आणि बसही चालवतो. विजेच्या कमाईतून बसचा तोटा भरायचा, ही तिथली जुनी रीत. पुढे वाहतूक तुटीच्या नावाने वीजग्राहकांवर आकार लागला आणि राज्य वीज नियामक आयोगाने तो काही वर्षं मान्यही केला. बस स्वस्त असावी याला माझा विरोध नाही. पण नकाशा काढून बघा. बेस्टची वीज कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच, तर बस पार बोरिवली-मुलुंडपर्यंत आणि शहराबाहेरही. म्हणजे परळच्या चाळीतला भाडेकरू पंखा लावून बोरिवलीच्या प्रवाशाच्या तिकिटाला हातभार लावत होता. बोरिवलीकर मात्र वीज दुसऱ्या कंपनीकडून घेत असल्यामुळे त्याच्या वीजबिलावर या तुटीचा भार नव्हता. सवलत द्यायचीच तर तिचा भार साऱ्या शहराच्या करदात्यांवर पडायला हवा होता. तो पडला फक्त एका मीटरच्या हद्दीतल्या लोकांवर.

३. कायद्यातली परंतुकं वाचा.
२००३ च्या वीज कायद्यातलं ५१ वं कलम म्हणतं की वितरण कंपनीने आयोगाला कळवून दुसरा धंदा करावा, त्यासाठी वेगळे हिशेब ठेवावेत, आणि विजेच्या पैशावर तो धंदा पोसू नये. वाचून बरं वाटतं. मग शेवटचं परंतुक येतं : कायद्याआधीपासून वीज वाटणाऱ्या स्थानिक संस्थेला हे कलम लागू नाही. महाराष्ट्रात हे परंतुक वाचल्यावर पहिली आठवते ती बेस्ट.

४. तोटा दिसत असेल तर निम्मं काम झालं.
पीएमटी आणि पीसीएमटी या बससेवा एकत्र करून २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली. तिची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महापालिका साधारण ६०:४० अशी वाटून घेतात. तक्रारी भरपूर, पण आकडा अंदाजपत्रकात छापलेला असतो.

५. मीटर नसेल तर खातं वेगळं करून उपयोग नाही.
सन २००० च्या सुमाराला वीज मंडळ पहिल्यांदा आयोगासमोर आलं. तोवर गळती सतरा-अठरा टक्के सांगितली जायची. छाननीत ती तीस टक्क्यांच्या वर निघाली, कारण उरलेली चोरी आणि गळती मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावावर पडून होती. पुण्यातल्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी या आकड्यांचा पिच्छा पुरवला, म्हणून हे बाहेर आलं. पुण्याच्या पाण्याचं दुखणं याच जातीचं. किती पाणी खडकवासल्यातून उचललं ते कळतं, पण ते कुठल्या पेठेत, कुठल्या सोसायटीत किती गेलं हे मीटरशिवाय सांगणार कोण? आणि इथे दाद मागायला आयोगही नाही. २००५ च्या कायद्याने आलेलं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण धरणातून उचलल्या जाणाऱ्या ठोक पाण्याचे दर बघतं. घरापर्यंतची पाणीपट्टी ठरते महापालिकेच्या ठरावाने. चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी तर एकाच ठरावात पुढच्या कित्येक वर्षांची वाढ मंजूर झाली. विजेला जनसुनावणी आणि पाण्याला हात वर करून मतदान, हा भेद मला कधीच पटला नाही.

६. नियामक किती असावेत, याचं एकच उत्तर नाही.
वीज आयोग आणि जल प्राधिकरण बरीच वर्षं मुंबईत कफ परेडच्या एकाच इमारतीत होते, पण एकत्र सुनावणी घ्यायची सोय कायद्यात नाही. गॅसचं मंडळ दिल्लीला. टांझानियाने वीज, पेट्रोलियम, गॅस आणि पाणी एकाच प्राधिकरणाखाली आणले. जाणकार माणसं थोडी असतील तर ती चार कार्यालयांत विखुरण्यापेक्षा हे शहाणपणाचं, शिवाय वाटणीचा दोन्हीकडचा तक्ता एकाच टेबलावर येतो. आणि कंपनीच एक असेल तर? गॅबॉनमध्ये १९९७ पासून एकाच खासगी कंपनीकडे वीज आणि पाणी होतं. विजेच्या पैशाने पाण्याचं जाळं वाढलं, हा फायदा खरा. सरकारशी बिनसलं तेव्हा, २०१८ मध्ये, दोन्ही सेवा एकदमच वादात सापडल्या, हेही खरं.

७. हरकत लेखी द्या, छोटी द्या.
‘दरवाढ अन्यायकारक आहे’ हे वाक्य आयोगाच्या आदेशात एका ओळीत निकालात निघतं. त्याऐवजी तीन गोष्टी मागा : सामाईक खर्चाच्या वाटपाचा आधार, गेल्या वर्षी तोच होता का, आणि बदलला असेल तर लेखापरीक्षकाने त्यावर काय म्हटलं. उत्तरादाखल स्कॅन केलेली पीडीएफ आली तर सूत्रांसकट एक्सेल मागा. बहुतेक वेळा ती आयोगाकडे आधीच दिलेली असते.