मेन स्विच पाडला, तरी शिट्टी चालूच

कानात आवाज सुरू झाला की माणूस आधी घर तपासतो. नाशिकच्या एका सहकारी बँकेत काम करणाऱ्या गृहस्थांनीही तेच केलं. मार्चअखेरीचे दिवस, रात्रीचे दोन वाजलेले आणि कुठून तरी बारीक, सलग शिट्टी. त्यांनी फ्रिज बंद केला, मग डासांचं मशीन, मग इन्व्हर्टर. शेवटी मीटरपाशी जाऊन मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, बायको जागी झाली. “अहो, लाइट गेले का?” त्यांनी विचारलं, “तुला शिट्टी ऐकू येतेय का?” तिला काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांना मात्र ती आता आणखी स्वच्छ ऐकू येत होती.

आवाज आपल्याच कानातला आहे हे कळलं की दुसरा शोध सुरू होतो, हे कुणामुळे झालं याचा. संशयित हाताशीच होते. खांदा धरला म्हणून डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी दिलेली वेदनाशामक गोळी त्यांनी मेडिकलमधून परस्पर आणून महिनाभर चालवली होती. बीपीची गोळी नुकतीच बदलली होती. वर थकीत कर्जांची वसुली, ऑडिट आणि जेमतेम चार तासांची झोप. त्यांनी गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद भिंगाखाली धरला, दुष्परिणामांच्या लांबलचक यादीत ‘कानात आवाज’ सापडला आणि खटल्याचा निकाल लागला. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गोळ्या बंद, बीपीचीसुद्धा. आठवडाभरानं डोकं धरून दवाखान्यात गेले, तेव्हा बीपी 180/110 होता. शिट्टी होती तिथेच होती.

संशय अगदीच निराधार होता असं नाही. हिवतापावर कोयनेल घेणाऱ्या जुन्या पिढीला कान वाजण्याचा अनुभव चांगलाच ठाऊक होता. संधिवातासाठी ॲस्पिरिनचे मोठे डोस दिले जात, तेव्हा रुग्णाच्या कानात आवाज यायला लागला की मात्रा जास्त झाली, असा डॉक्टरांचा ठोकताळाच असे. इतर वेदनाशामक गोळ्यांनीही काहींना हा त्रास होतो. दिलाशाची गोष्ट अशी, की या गटातल्या औषधांनी आलेला आवाज बहुतेक वेळा औषध थांबवल्यावर ओसरतो.

सगळीच औषधं इतकी दयाळू नसतात. स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, जेंटामायसिन या कुळातली प्रतिजैविकं आणि कॅन्सरवरचं सिसप्लॅटिन आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी कायमच्या मारू शकतात. माणसाच्या एका कानात अशा जेमतेम पंधरा हजार पेशी असतात आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. नुकसान उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होतं, त्यामुळे रोजच्या बोलण्यात सुरुवातीला काही जाणवतच नाही. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती 2013 मध्ये क्षयरोगावरच्या कॅनामायसिनच्या इंजेक्शनांनी गेली. पुढे त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा टिसिले यांच्यासोबत बेडाक्विलिन या क्षयावरच्या, तोंडावाटे घ्यायच्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवण्याला आव्हान दिलं. फुमेझा यांची श्रवणशक्तीही कॅनामायसिननंच गेली होती. मार्च 2023 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं ती मुदतवाढ नाकारली. जागतिक आरोग्य संघटनेनं तर 2018 मध्येच प्रतिरोधक क्षयाच्या उपचारातून कॅनामायसिन वगळण्याची शिफारस केली होती. तेव्हा घरात कुणाला या जातीची इंजेक्शनं सुरू होणार असतील, तर ती सुरू होण्याआधी एकदा आणि मग मधूनमधून कानाची तपासणी मागून घ्यावी. मागायला लाजू नये.

बँकेतल्या गृहस्थांचं प्रकरण मात्र निराळं निघालं. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आधी कानात मळ नाही ना ते पाहिलं (कितीतरी जणांचा आवाज मळ काढल्यावरच थांबतो, हे सांगायला हवं) आणि ऑडिओमेट्रीला पाठवलं. काचेच्या बंद खोलीत हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचं. कागदावर आलेली रेघ बराच वेळ सरळ चालली होती आणि 4000 हर्ट्झपाशी तिला खड्डा पडला होता. तपासणाऱ्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, “ढोल वाजवत होता का?” नाशिककराला हा प्रश्न विचारायचा म्हणजे काय! कॉलेजपासून पुढची बरीच वर्षं ते पथकात होते, तेही ताशाच्या शेजारी. तो खड्डा मोठ्या आवाजाची खूण असते. आठवड्याला चाळीस तास ऐकायला सुरक्षित असलेली पातळी 80 डेसिबल. पथकाच्या मध्यभागी आवाज तिच्या कितीतरी वर असतो.

म्हणजे गोळीनं आणि ताणानं जमीन तयार केली नव्हती, ती आधीच तयार झाली होती. कानाकडून एखाद्या पट्टीची खबर कमी यायला लागली की मेंदू त्या पट्टीपुरती आपली संवेदनशीलता वाढवतो आणि स्वतःचीच खरखर त्याला ऐकू येते, असं आजचं शास्त्र मानतं. ती थोडीफार सगळ्यांकडेच असते. 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी ऐकण्याची काहीच तक्रार नसलेल्या 80 जणांना आवाजबंद खोलीत बसवलं. त्यातल्या 94 टक्के लोकांनी कानात काहीतरी वाजत असल्याचं सांगितलं.

मग काहींनाच त्याचा जाच का होतो आणि बाकीच्यांना का नाही? ताणाचा खरा हात इथे आहे. जोपर्यंत मेंदू त्या आवाजाला बिनमहत्त्वाचा समजतो, तोपर्यंत तो मागे पडतो. एकदा का तो धोक्याच्या यादीत गेला, की भीती, कमी झोप आणि कान देऊन ऐकत राहणं ही तिन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. गृहस्थ रोज सकाळी डोळे उघडण्याआधी आवाज आहे का ते तपासत. अर्थातच तो असे. रात्री ते दात आवळून झोपत, हे बायकोनं सांगितलं. जबडा आवळला किंवा मान वळवली की शिट्टीची पट्टी बदलते, हे त्यांच्या लक्षात आल्यावर दंतवैद्यांनी रात्री घालायचं साचेबंद कवच दिलं. त्यानं थोडा फरक पडला.

उपायांच्या बाजारात या काळात खिसा सांभाळावा. शेजारच्या काकूंनी लसूण घातलेलं कोमट तेल सुचवलं. कानाचा पडदा फाटलेला असेल तर ते महागात पडतं. फोनवर जिंकोच्या कॅप्सूलच्या जाहिराती यायला लागल्या. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं 2014 च्या मार्गदर्शिकेत जिंको, झिंक, मेलाटोनिन आणि तत्सम पूरक पदार्थांची शिफारस करू नये असं स्पष्ट म्हटलंय. तिथेच ज्याची शिफारस आहे, ते ऐकायला रुक्ष वाटतं: नीट समजावून सांगणं, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र, आणि आवाजाविषयीचे विचार व सवयी बदलणारी मानसोपचाराची सीबीटी पद्धत. सीबीटीनं आवाज बारीक होत नाही, त्याचा जाच कमी होतो. हा फरक आधीच कळला तर निराशा टळते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाक् व श्रवण तपासणीसाठी आहे, आणि झोप उडून जगणं नकोसं वाटू लागलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

गृहस्थांनी बेडरूममध्ये टेबलफॅन सुरू ठेवला, बीपीची गोळी परत घेतली आणि वेदनाशामक डॉक्टरांच्या सल्ल्यानं बंदच ठेवली. आता ते कोणतंही नवं औषध सुरू झालं की डायरीत तारीख, मात्रा आणि कानाची स्थिती लिहितात आणि तेच पान डॉक्टरांसमोर ठेवतात. औषधामुळे होतंय की नाही, हे ठरवायला डॉक्टरांना या तारखाच लागतात. “बरेच दिवस झाले, गोळ्या खूप होत्या” यातून कुणालाच काही कळत नाही.

काही वेळा मात्र डायरी बाजूला ठेवून लगेच निघायचं असतं. एका कानाला एक-दोन दिवसांत अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जावं. तिथे स्टिरॉइड लवकर सुरू होणं महत्त्वाचं असतं. आवाज नाडीच्या ठोक्यावर येत असेल, फक्त एकाच कानात असेल, सोबत चक्कर येत असेल किंवा चेहरा वाकडा होत असेल, तरी थांबू नये.

आणि कानात बोळे? मिरवणुकीत, पथकात, डीजेच्या भिंतीजवळ जरूर घालावेत. घरात मात्र नकोत. शांततेत कान बंद केले की शिट्टी वाढते, आणि बाहेरच्या साध्या आवाजांचाही त्रास व्हायला लागतो.