समुद्राचं बिल भाडेकरूला

खारदांड्यात 'सी व्ह्यू'चा फ्लॅट भाड्याने घेताना लोक पार्किंग विचारतात, लिफ्ट किती ते विचारतात. खाऱ्या वाऱ्याने जे गंजेल त्याचे पैसे कोण भरणार, हे कोणी विचारत नाही. म्हणून हे लिहितेय.

घर देखणं होतं, नाही कशाला म्हणू? खाली कोळीवाड्याची कौलं, पुढे होड्या, त्यापलीकडे पाणी. वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासाबद्दल माझी तक्रार नाही. दांडा टॉवरच्या कितीतरी आधीपासून आहे. खार स्टेशन दहा मिनिटांवर, असं एजंट म्हणाला होता. रात्री अकराला असेलही. सकाळी तेवढा वेळ रिक्षा मिळायलाच लागतो. मेट्रो 2बीचं काम तेव्हा चालूच होतं, पण तिच्या नावाने भाडं आधीच वाढलेलं.

घर सोडायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं आणि वॉचमन म्हणाला, "ताई, मालकांचा ओके आल्याशिवाय गेटपास नाही." मालकांना फोन लावला. अतिशय गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, आधी डिपॉझिटचा हिशोब मान्य आहे असा मेसेज टाका." हिशोबात काय? एसीच्या आउटडोअर युनिटची गंजलेली कॉइल, खिडक्यांच्या बिजागऱ्या, बाल्कनीचं ग्रिल, वर पूर्ण घराचा रंग. सगळं आमच्या 'निष्काळजीपणा'मुळे! दृश्याचे पैसे दरमहा घेतले, आता त्याच समुद्राने खाल्लेल्या लोखंडाचेही आमच्याकडून. टेम्पोवाला वेटिंग लावत होता. त्या क्षणी कळलं, हा माणूस हिशोब महिनाभर आधी देऊ शकत होता. मुद्दाम दिला नाही.

मी मेसेज टाकला, पण 'हरकत राखून' हे शब्द घालून. त्यावरच पुढे वकिलाची नोटीस उभी राहिली आणि रंगाचे पैसे परत आले. एसीचे अजून नाहीत.

तुम्ही करारात 'खाऱ्या हवेने होणारी झीज मालकाची' हे वाक्य घालून घ्या. तोंडी आश्वासन नको. एसी सर्व्हिसिंगची बिलं जपा. आमच्याकडे दोनच होती, तरी नोटिशीत तीच कामी आली. आत शिरतानाच गंजाचे फोटो काढा, युनिटच्या नंबरसकट. सोसायटीचा गेटपास निघण्याच्या आठवडाभर आधी लेखी मागा. डिपॉझिट चेकने किंवा बँकेतूनच द्या, हे सगळेच सांगतात, मीही सांगते.

आणि करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 : नोंदणीची जबाबदारी मालकाची. मालक "कशाला खर्च?" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. मात्र डिपॉझिट मिळेपर्यंत घर अडवून बसायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मुदत संपल्यावर राहिलात तर कलम 24 खाली दुप्पट भाडं मागता येतं, आणि आमच्या मालकांसारखा माणूस ते मागितल्याशिवाय राहणार नाही.